मीठ उडत नाही

पोर्ट पिरीत दुपारी चव्वेचाळीस.
शिशाच्या कारखान्याची चिमणी सोडली
तर रस्त्यावर उभं असं कुणी नाही.
माउरो पान्सिनी, वय एक्याऐंशी,
पडदे ओढून, बनियनवर,
टेबलफॅनखाली उंची रचतोय:
जुनी टेलिफोन डिरेक्टरी,
तिच्यावर विकून टाकलेल्या बोटीची हिशेबवही,
म्हणजे वारा काचेच्या काठावरून
नेमका पाण्याला चाटत जाईल.

नातू खाणीवर, दोन आठवड्यांच्या पाळीला.
जाताना सांगून गेला,
"नोन्नो, सव्वीसच्या वर गेलं
की झाकण काढ, दिवा बंद कर, पंखा लाव.
तीस झालं तर मला फोन कर.
एकतीस झालं तर नको करूस."

टाकीत दोन नारिंगी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे,
एक कोळंबी,
आणि एक प्रवाळ, जो माउरोला
अजूनही फ्लॉवरचा गड्डा वाटतो.

पन्नास वर्षं त्याने मासे गार ठेवले.
पहाटे चारला बर्फाच्या कारखान्यापाशी रांग,
मग फावड्याने एक थर बर्फ, एक थर मासे,
पुन्हा बर्फ,
वर गोणपाट.
गार म्हणजे मेलेला, इतका साधा हिशेब.
जिवंत मासाही गार ठेवायचा असतो
हे या बंदरात त्याला कुणी बोललं नव्हतं.

एका रात्रीत पाणी दोन बोटं उतरलं.
समुद्र कमी पडला तर समुद्रच घालायचा,
त्यात विचारायचं काय!
तो धक्क्यावर गेला, दोरीने बादली सोडली,
टाकी काठोकाठ भरली.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.
चौथ्या दिवशी प्रवाळ मिटलं,
कोळंबी दगडामागे गेली ती आलीच नाही.

फोनवर नातू क्षणभर गप्प.
मग म्हणाला,
"उडतं ते गोडं पाणी, नोन्नो.
मीठ उडत नाही.
तू मिठात मीठ घालत बसलास."

माउरो फोन धरून तसाच उभा.
टोपीच्या कडेचं मीठ, कोपरांवरचं,
दोरखंडाच्या पिळातलं,
नुन्झिया दारात उभी राहून
त्याच्या सदऱ्यातून झटकायची ते.
"हे ठाऊक होतं रे मला," तो म्हणाला,
"नुसतं कधी मनात आलं नव्हतं."

मग मगाने थोडं खारं काढायचं,
थोडं गाळलेलं गोडं घालायचं,
घाई न करता,
काचेवर चिकटपट्टीची रेघ मारून.
मग नुन्झियाचाच, कपडे भिजवायचा,
कान तुटलेला.

त्या रात्री दीडला वीज गेली.
पंखा थांबला, पंप थांबला,
फ्रीजची घरघरसुद्धा.
घरात इतकी शांतता
की टाकी श्वास रोखून आहे असं वाटावं.
बॅटरीच्या उजेडात सत्तावीस.
माउरोने गॅरेजातून थर्माकोलच्या माशांच्या खोक्याचं झाकण आणलं,
वर अजून त्याच्या बोटीचा नंबर,
आणि वारा घालू लागला.
हात भरून आला की मग घ्यायचा,
पाणी उचलून उंचावरून परत सोडायचं,
पुन्हा झाकण.
सव्वासत्तावीस. अठ्ठावीस.
मासे त्याच्याकडे बघत होते की नाही, माहीत नाही.
माशांचं तसं कळत नाही,
आणि त्याने आजवर पाहिले होते
ते बहुतेक वर टक लावूनच असायचे.

खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतात.
असं,
अनवाणी, फरशीवर, घामाच्या धारांत,
हे त्याला नवीन होतं.

चारला दहा कमी असताना दिवे आले.
बर्फाच्या रांगेची वेळ.
पंखा आधी कुरकुरला, मग लागला.
ओल्या हातावर वारा आला, अंगावर शहारे.
कोळंबीची एक मिशी दगडामागून बाहेर,
मग दुसरी.

त्याने रेघेपर्यंत गोडं पाणी घातलं,
सावकाश, काचेला लावून.
मगात थोडं उरलं होतं.
उभ्याउभ्याच
ते तो स्वतः प्यायला.